पोरकें पिलूं व शेतकऱ्याचें कर्तव्य

आपल्या मासिकांत बियाणें, खतें व गुरांचे रोग यांविषयीं उपयुक्त विवेचन येत असतें. परंतु जें जनावर बिनपगारी कोठाराची राखण करतें, त्या मांजराविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. ती उणीव अल्पशी भरून काढावी, व त्यासोबत स्वतःच्या एका चुकीची कबुलीही द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गेल्या मार्गशीर्षांत बाजरीच्या कणगीभोंवतीं उंदीर फार माजले, म्हणून मीं बाजारांतून ब्रोमॅडिओलोन या विषाच्या वड्या आणून ठेविल्या. हें विष रक्त गोठूं देत नाहीं. तें खाल्लेला उंदीर लागलीच मरत नाहीं. कांहीं दिवस सुस्तपणें हिंडत राहतो. असा उंदीर मांजरास आयताच सांपडतो, आणि विष त्याच्याही पोटांत जातें. थोड्याच दिवसांत आमची मांजरी गोठ्यांत मरून पडली. कडब्याच्या गंजींत तिचीं तीन पिलें, डोळेही न उघडलेलीं, ओरडत होतीं. शेजारी म्हणाले, “भाऊसाहेब, बांधावर सोडून द्या. तीं कांहीं जगायचीं नाहींत.”

हा सल्ला आपणांकडे सर्रास दिला जातो, आणि तो मला सर्वस्वीं अमान्य आहे. मांजर मारणाऱ्यानें काशीस सोन्याचें मांजर अर्पण करावें, असें मानणारे आपण लोक! वासरूं पोरकें झालें तर आपण त्यास बाटलीनें दूध पाजतों, कारण त्याची किंमत रुपयांत करतां येते. मांजरानें राखलेलें धान्य मात्र कोणत्याच जमाखर्चांत दिसत नाहीं.

पिलें दगावतात तीं बहुधा आपल्या अज्ञानामुळें. मींही तेंच केलें. गारठलेल्या पिलांस आधीं दूध पाजलें, तेंही गाईचें. त्यांतील एक रात्रींच गेलें. पुढें तालुक्याच्या पशुवैद्यांनीं समजाविलें कीं, लहान पिलास अंगाची ऊब स्वतः राखतां येत नाहीं, व थंड पडलेल्या पिलास दूध पचत नाहीं. म्हणून आधीं ऊब, मग आहार. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावी. गाईच्या दुधांत मांजरीच्या दुधापेक्षां प्रथिनें व स्निग्धांश कमी आणि दुग्धशर्करा अधिक असल्यानें पिलांस हगवण लागते. याकरितां पिलांसाठीं मिळणारी दुधाची भुकटीच वापरावी. पिलूं पोटावर ठेवूनच पाजावें. तान्ह्या मुलासारखें उताणें धरल्यास दूध फुप्फुसांत उतरतें. आरंभीं दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. प्रत्येक वेळीं कोमट ओल्या कापसानें मलमूत्राची जागा हळुवार पुसावी. मांजरी चाटून हेंच करिते, त्यावांचून पिलांस विसर्जन होत नाहीं. मात्र आई मेल्याची खात्री नसेल, तर पिलें लगेच उचलूं नयेत. ती भक्ष्यासाठीं गेलेली असूं शकते.

कचेरींतील संवयीप्रमाणें मीं रोजच्या वजनाची नोंद ठेविली. दिवसाला सुमारें १० ग्रॅम वाढ झाली म्हणजे ठीक चाललें, असें समजावें. चौथ्या आठवड्यांत पिलें बशींतून खाऊं लागलीं. रात्रींच्या पाळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक कुटुंबानें उचलल्या, हें प्रांजळपणें सांगणें अवश्य आहे.

कोणी म्हणतील, शेतकऱ्यास एवढी सवड कोठें आहे? पण हे कष्ट महिन्याभराचे असतात, आणि पुढें तें मांजर कित्येक वर्षें घरांत राबतें. ज्यास सवड नसेल, त्यानें निदान मांजर असलेल्या घरांत असलें विष ठेवूं नये; पिंजरे लावावे, कणगी जमिनीपासून उंच बसवावी. आणि ज्यानें विष ठेविलें, त्यानें पिलांचीही जबाबदारी पत्करावी, हें माझें स्पष्ट मत आहे.

दोन पिलें जगलीं. तीन महिन्यांचीं होतांच त्यांस पिसाळ रोगाची लस टोंचविली. एक आमच्या कोठारांत आहे. दुसरें त्याच शेजाऱ्यांनीं आपल्या कोठारासाठीं मागून नेलें. तिसरें मात्र माझ्या खातीं कायमचें बाकी राहिलें आहे.

— एक पेन्शनर कारकून