खेळात जीव का गुंततो?

पालघर आणि बोईसर यांच्या मधले उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरील लहानसे स्थानक. सकाळी घरातील कमावती माणसे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे किंवा मुंबईकडे निघून जातात, मुले शाळेत जातात आणि घरी उरतात ती वडीलधारी मंडळी. विरारच्या पुढे लोकलगाड्या मोजक्याच. त्यामुळे जाणाऱ्याचा दिवस लांबतो, तसा वाट पाहणाऱ्याचाही. या लांबलेल्या दिवसाला अलीकडे एक नवा सोबती मिळाला आहे, तो म्हणजे मोबाइलवरील खेळ. आपल्याही घरी आजोबा दुपारी लूडो मांडत असतील, आजी रंगीत चौकोन जुळवत असतील आणि कुणीतरी ‘या वयात हे काय?’ म्हणून नाक मुरडत असेल.

नाक मुरडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. या खेळांत एवढे असते तरी काय? ‘करमणूक’ हे उत्तर अपुरे आहे. करमणूक दूरचित्रवाणीही करते. पण तिच्यासमोर माणूस पेंगतो, खेळासमोर पेंगत नाही. सलग पाच डाव हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, तरी तो सहावा डाव मांडतोच. म्हणजे मौजेहून वेगळे असे काहीतरी त्याला तेथे मिळत असले पाहिजे.

या प्रश्नाचा चांगला शोध मानसशास्त्राने घेतला आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, जसे शरीराला अन्नपाणी, तशा मनाला तीन गोष्टी लागतात. पहिली, आपला निर्णय आपण घेतो ही जाणीव. दुसरी, आपल्याला काही जमते आणि ते अधिक चांगले जमू लागले आहे ही जाणीव. तिसरी, आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव. पुढे २००६मध्ये रायन यांनी दोन सहकाऱ्यांसह हाच विचार व्हिडिओ गेमना लावून पाहिला. ज्या खेळात या गरजा अधिक भागतात, त्या खेळाकडे माणूस पुन्हा वळू पाहतो, असे त्यांना आढळले.

आता हे आपल्या ओळखीच्या खेळात पाहू. लूडो मूळचा आपलाच. कापडी पट, कवड्या आणि सोंगट्या घेऊन खेळली जाणारी पचीसी इंग्लंडला गेली, तेथे कवड्यांच्या जागी फासा आला आणि १८९६मध्ये ‘लूडो’ या नावाने तिचे पेटंट घेतले गेले. २०१६मध्ये नवी मुंबईतील ‘गेमेशन’ या कंपनीने, विकाश जैस्वाल यांच्या पुढाकाराने, ‘लूडो किंग’ या नावाने हा खेळ मोबाइलवर आणला. २०२०च्या टाळेबंदीत माणसे घरात कोंडली गेली, तेव्हा तो देशभर घरोघरी पोहोचला. वेगवेगळ्या गावी अडकलेली भावंडे एकाच पटावर बसू शकली, हे त्याचे मोठे कारण.

या खेळात फाशावर आपली सत्ता नाही. पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवायची, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी आपला. पुढची सोंगटी घरी न्यावी, की मागची वाचवावी, की समोरच्याची मारावी? तो निर्णय कुणी आपल्यासाठी घेत नाही. निर्णयाचे फळ लगेच डोळ्यांसमोर दिसते. चूक झाली तरी पुढचे दान येणारच असते. आणि समोर कुणीतरी असते, जे आपल्या खेळीची वाट पाहते.

वाचकहो, वार्धक्यात नेमक्या याच तीन गोष्टी हातून निसटतात. तीस वर्षे कारखान्यात पाळी सांभाळलेल्या, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे सांगितले जाते. जन्मभर घर चालवलेल्या आईला आज भाजी कोणती, हेही कुणी विचारत नाही. हे सारे प्रेमापोटीच होते. परंतु त्या प्रेमात निर्णय जातो, कौशल्य जाते आणि ‘माझ्यावाचून कुणाचे अडते’ ही भावनाही जाते. घरातल्या माणसांनी नकळत काढून घेतलेले मोबाइलमधला पट थोडेबहुत परत देतो. म्हणून तो हातातून हिसकावला की वृद्ध माणूस रागावतो. तो राग खेळण्यासाठीचा बालहट्ट नसतो, उरलेली एक जागाही गेल्याचा असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. खेळ बनवणाऱ्यांना मनाची ही भूक ठाऊक असते आणि ती भागवण्याऐवजी चाळवत ठेवण्याच्या युक्त्याही ठाऊक असतात. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवणे, रोज येणाऱ्याला रोज भेट देणे, काम नेहमी थोडे अपुरे राहू देणे, या त्यांपैकी काही. मग निर्णय आपला उरत नाही, खेळच आपल्याला खेळवू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झाले, खेळाच्या या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे ही त्याची लक्षणे. ती सर्वसाधारणपणे वर्षभर टिकली तर निदान केले जाते. दुपारचे दोन डाव म्हणजे विकार नव्हे. मात्र खेळापायी जेवण, औषध, झोप किंवा माणसे मागे पडू लागली, तर वर्ष सरण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांशी बोलावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पैशांच्या खेळापासून मात्र चार हात दूरच राहावे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केला. तरीही अशा खेळाचे आमंत्रण मोबाइलवर आले, तर ते उघडू नये. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

‘खेळल्याने बुद्धी तल्लख राहते का?’ असे वाचक नेहमी विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींना गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा एक खास बनवलेला खेळ महिनाभरात एकूण बारा तास खेळवला. त्यांची एका वेळी दोन कामे सांभाळण्याची क्षमता वाढली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. हा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तो त्या एका खेळापुरता होता. कोणताही खेळ स्मृतिभ्रंश टाळतो, असा अर्थ त्यातून काढू नये. चालणे, पुरेशी झोप आणि माणसांची ये-जा यांची जागा खेळ घेऊ शकत नाही.

काळजी घेणाऱ्यांनी काय करावे? ‘किती वेळ खेळता?’ असे विचारण्याआधी ‘आज कुणाशी खेळलात? डाव कसा झाला?’ असे विचारावे. डाव मध्येच तोडू नये. ‘हा संपला की जेवायला या’ असे सांगावे. मोबाइलमधील अक्षरे मोठी करून द्यावीत आणि खेळातून पैशांची खरेदी होणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था करावी. आठवड्यातून एकदा तरी स्वतः समोर बसून एक डाव खेळावा, आणि मुद्दाम हरू नये. ते त्यांना लगेच कळते आणि अपमान वाटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातला एक खरा निर्णय त्यांच्याकडे सोपवावा. बाजाराची यादी असो, कुंड्यांची देखभाल असो किंवा नातवाचा अभ्यास असो. सोपवल्यावर त्यात ढवळाढवळ करू नये.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही थोडे पथ्य पाळावे. मोबाइल मांडीवर न ठेवता डोळ्यांच्या पातळीवर धरावा, म्हणजे मान अवघडत नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. झोपण्यापूर्वीचा तास खेळाविना ठेवावा. शक्य असेल तेव्हा अनोळखी प्रतिस्पर्ध्यापेक्षा बहिणीला, जुन्या सहकाऱ्याला, शेजाऱ्याला खेळायला बोलवावे. डाव संपल्यावर स्वतःला एवढेच विचारावे, आता उठताना मला हलके वाटते आहे की रिकामे? हलके वाटत असेल, तर उद्या पुन्हा निःशंकपणे खेळावे. रिकामे वाटत असेल, तर मनाला हवे ते त्या पटावर नाही. ते घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मागितल्याशिवाय त्यांना ते उमगेलच असे नाही.