वितंडवाद्यांनो, आवरा!
शिवडीच्या बीडीडी चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणून पुनर्विकासात त्या मागे पडल्या. वरळीकरांना २०२५ साली चाव्या मिळाल्या. आमच्या शिवडीकरांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! घराचा प्रश्न तिथे ‘गुड मॉर्निंग’च्या गुलाबांखाली गाडलेला. २०१७ साली निघालेल्या ‘कियालो’वर म्हणे प्रत्येक विधानाखाली अनुकूल-प्रतिकूल मुद्दे वेगवेगळे मांडतात. काय ही शिस्त! अहो, आपल्या न्यायशास्त्राने ही वर्गवारी केव्हाच केली: सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. आपण थेट तिसरीत! रकाने कुणीही आखून देईल. पण आधी समोरच्याचं म्हणणं, त्यानेच मान डोलवावी इतकं नीट मांडायचं, हे कुठलं यंत्र शिकवणार? ते जमेपर्यंत टॉवर झाला तरी भांडण फक्त लिफ्टने वर जाईल.