पोरगं कंपनीत लागलं, पण कायम झालं का?

सोयाबीनची रास घरात येऊन दोन-अडीच महिने झाले, की आपल्याकडे गावोगाव एक बातमी ऐकू येऊ लागते. अमक्याचं पोरगं पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागलं म्हणे! पेढे वाटले जातात, सोयरे-धायरे विचारपूस करू लागतात, एखादा तर पोरीची पत्रिकाही आणून देतो. आनंदाची गोष्ट आहे, आनंद करावाच. पण जरा खोलात जाऊन विचारलं तर कळतं, की पोरगं लागलेलं नाही, इंटर्न म्हणून गेलेलं आहे. लागणं आणि इंटर्न होणं यांत पेरणी आणि रास यांच्याइतकं अंतर आहे. हे अंतर आई-बापाला कोणी समजावून सांगत नाही. पोराला ठाऊक असतं, पण पेढे वाटून झाल्यावर ते तरी कसं सांगणार?

वास्तविक इंटर्न या शब्दाला आपल्याकडे जुना आणि चांगला शब्द आहे, उमेदवार. पूर्वी कचेरीत हुशार पोरं वर्ष-वर्ष बिनपगारी उमेदवारी करीत. कागद उतरवायचे, फडताळं लावायची, साहेबांची मर्जी राखायची आणि जागा निघण्याची वाट पाहायची. शिंप्याकडे, सोनाराकडे, मोटारीच्या गॅरेजमध्ये आजही तेच चालतं. आपला सालगडी मात्र उमेदवार नव्हे. त्याचं साल पाडव्याला ठरतं, उचल हातात पडते आणि वर्षभराचा बोल पक्का असतो. इंटर्नला उचल नाही आणि वर्षाचा बोलही नाही. सहा महिने काम करून दाखव, मग बघू, एवढंच त्याच्या कागदावर असतं. शिकताशिकताच कारखान्यात काम करायचं, ही पद्धत इंजिनिअरिंगच्या शिक्षणात अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ साली सुरू केली. आता आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही इंटर्नशिप हा शिक्षणाचाच भाग झाला आहे.

आता हा रस्ता कसा आहे ते पाहू. शेवटच्या वर्षाचं शेवटचं सत्र साधारण जानेवारीत सुरू होतं. त्या वेळी पोराला चार-सहा महिने कंपनीत पाठवतात. या काळात मिळतो त्याला पगार म्हणत नाहीत, स्टायपेंड म्हणतात. काही ठिकाणी तो बरा असतो, काही ठिकाणी नुसता चहापाण्याचा, तर काही ठिकाणी मुळीच नसतो. काम पसंत पडलं तर कंपनी ऑफर लेटर देते. तेही मिळालं म्हणजे संपलं असं नाही. जॉइन होण्याची तारीख यावी लागते. मग काही महिने ट्रेनिंग, त्यात परीक्षा, त्यानंतर प्रोबेशन आणि सगळ्यात शेवटी कन्फर्मेशनचं पत्र. म्हणजे ज्या दिवशी गावात पेढे वाटले, त्या दिवसापासून खऱ्या नोकरीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

बरं, हा इंटर्न तिथे करतो काय? गावाकडे समजूत अशी, की कॉम्प्युटरपुढे बसून टकटक करायची. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शिवारात जायचं, मोबाईलवर पीक नोंदवायचं, फोटो काढायचा. पहिल्या हंगामात किती डोकेदुखी झाली, कुठे रेंज नाही तर कुठे फोटोच चढत नाही, ते तलाठ्यांना आणि शेतकऱ्यांना सांगायला नको. असं एखादं ॲप बनवणाऱ्या कंपनीत इंटर्न बसला आहे असं समजा. त्याला कोणी नवं ॲप बनवायला सांगत नाही. त्याला सांगतात, रेंज कमी असताना फोटो का अडकतो ते शोध. तो दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळी वाचतो, त्यातल्या चार बदलतो, तपासून पाहतो आणि वरिष्ठाला दाखवतो. वरिष्ठ त्यात दहा खोड्या काढतो. पुन्हा बदल, पुन्हा दाखवणं. उमेदवारी ती हीच. आणि एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. सेनगावच्या शिवारात रेंज कशी जाते-येते, हे पुण्यात वाढलेल्या पोराला पुस्तकातून कळणार नाही. आपल्या पोराला ते न सांगता ठाऊक असतं.

मग आपली पोरं मागे कुठे पडतात? अनेकांना वाटतं इंग्रजीत. इंग्रजीची अडचण आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण गप्प बसण्याची आहे. शाळेत गुरुजींना उलट विचारायचं नाही, घरी वडिलांना विचारायचं नाही, कचेरीत साहेबांना तर नाहीच नाही, असं वळण आपणच लावलं. तेच पोरगं कंपनीत एखाद्या कामात अडकलं, की तीन दिवस तसंच बसून राहतं. विचारलं तर आपण अडाणी ठरू, अशी भीती. तिकडचा हिशेब उलटा आहे. तास-दोन तास स्वतः झटायचं, काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवायचं आणि मग सरळ विचारायचं. असा विचारणारा इंटर्न वरिष्ठाला हवा असतो. तीन दिवसांनी 'झालं नाही सर' म्हणणारा नको असतो. काम येतं पण बोलत नाही म्हणून पोरगं परत पाठवलं जावं, यासारखी दुसरी हळहळ नाही.

आता पैशाचं. शहरातला माणूस ही गोष्ट लिहीत नाही, कारण त्याला ती दिसतच नाही. इंटर्नशिप जानेवारीत सुरू होते, हे वर सांगितलंच. त्या वेळी आपल्या घरात काय असतं? सोयाबीनचा पैसा दिवाळी, उधारी आणि रब्बीच्या बी-खतात गेलेला असतो. हळद जमिनीत असते. तिची काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश होऊन हिंगोलीच्या मार्केट यार्डात किंवा वसमतच्या मोंढ्यात पट्टी हातात पडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो, भाव पडले असतील तर आणखी थांबावं लागतं. आणि नेमका जानेवारीतच पोराला पुण्यात खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचे आगाऊ पैसे आणि कधी कधी लॅपटॉप हवा असतो. स्टायपेंड असला तरी तो महिना भरल्यावर येणार. इथे बाप सावकाराकडे जातो, नाहीतर पोरगं 'घरी अडचण आहे' म्हणून चांगली इंटर्नशिप सोडून गावाजवळच कुठेतरी प्रमाणपत्रापुरती करतं. माझं सांगणं इतकंच आहे, की ज्यांचं पोर किंवा पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी पुढच्या सोयाबीनच्या पट्टीतून या सहा महिन्यांची रक्कम आधीच वेगळी काढावी. शिक्षणाची फी आपण धरतो, हा खर्च धरत नाही. पोरीच्या बाबतीत तर 'एवढ्या लांब सहा महिन्यांसाठी कशाला' असं म्हणून विषयच संपवला जातो. चार वर्षांची फी भरून शेवटच्या सहा महिन्यांना हात आखडणं, म्हणजे हळद काढून न शिजवताच टाकून देण्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, एवढं करून कंपनीने ठेवलं नाही तर? प्रश्न रास्त आहे. २०२२ साली ऑफर मिळालेल्या काही इंजिनिअरांना इन्फोसिसने दोन वर्षांहून अधिक वाट पाहायला लावून ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हैसूरच्या केंद्रात घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतल्या तीनशेहून जास्त जणांना घरी पाठवलं. तीन वेळा संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, हे कंपनीचं कारण. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर आवाज उठवला आणि प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेलं. कोणाचं किती चुकलं यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण दोन वर्षं ऑफर लेटर उशाशी ठेवून बसलेल्या घराचं काय झालं असेल, ते आपल्यासारख्यांना सांगावं लागत नाही. कायम झालेलेही अगदी निर्धास्त नसतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, त्यांत मधल्या आणि वरच्या जागांवरचे लोक जास्त होते. तेव्हा कंपनीतलं कायम म्हणजे जिल्हा परिषदेतलं कायम नव्हे, हे सोयरिक जुळवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

कायद्याचं थोडं. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. या कायद्याखाली २०१९ साली पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. पण कॉलेजमार्फत जाणारे कित्येक इंटर्न या कायद्याखाली नोंदलेलेच नसतात, त्यांना जे कागदावर लिहिलं तेच मिळतं. म्हणून कागद मागून घ्यावा. त्यावर मुदत, रक्कम, कामाचं स्वरूप आणि नंतर नोकरीबाबत काय, हे लिहिलेलं असावं. दोन वर्षं कंपनी सोडायची नाही, सोडली तर इतके पैसे भरायचे, असा बॉण्ड असेल तर सही करण्याआधी घरात वाचून घ्यावा. आणि 'आधी चाळीस हजार भरा, ट्रेनिंग देतो, मग इंटर्नशिप, मग शंभर टक्के नोकरी' म्हणणारे फिरतात, त्यांना चहासुद्धा पाजू नये. उमेदवाराकडून पैसे घेणारा मालक नसतो, दुकानदार असतो.

हे झालं पुण्याचं. पण उमेदवार आपल्या गावातही आले, त्यांचं आपण काय केलं? राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, मुदत सहा महिने. २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेऱ्यांत बसली. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनंही झाली. योजना प्रशिक्षणाची होती, नोकरीची नव्हती, हे खरं. पण प्रशिक्षण तरी नीट झालं का? कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या पोराला झेरॉक्स काढायला आणि टपाल पोचवायला ठेवायचं आणि शेवटी प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' लिहायचं, हे अनेक ठिकाणी झालं. त्याच पोराला नमुना आठची नोंद कशी होते, कर आकारणीचा हिशेब कॉम्प्युटरवर कुठे चुकतो, दाखल्यांच्या अर्जात लोक कुठे अडकतात, हे पाहून लिहायला लावलं असतं तर कंपनीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे राहिलं असतं. ग्रामपंचायतीचंही काम झालं असतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी राग मानू नये, पण इथे आपलीच उमेदवारी कमी पडली.

तमिळनाडूत झोहो नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने वीसेक वर्षांपूर्वी स्वतःची शाळा काढली. बारावी झालेली पोरं घ्यायची, फी न घेता उलट विद्यावेतन द्यायचं, शिकवायचं आणि कामावर घ्यायचं. पुढे तेनकासी भागातल्या एका खेड्यातही या कंपनीने काम सुरू केलं. म्हणजे उमेदवारी खेड्याच्या दाराशी आणता येते, हे झालेलं उदाहरण आहे.

आपल्याकडे तशी कंपनी नाही, पण औंढा नागनाथ तालुक्यात लायगो येते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. असल्या कामात यंत्रांइतकंच महत्त्व कॉम्प्युटरला असतं. येणारी माहिती साठवणं, चाळणं, यंत्रं प्रोग्रामवर चालवणं, हे सगळं सॉफ्टवेअरचं काम. शास्त्रज्ञ देशभरातून येतील, ते यायलाच हवेत. पण शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघतील, तेव्हा हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातील आणि नांदेडच्या श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील आपल्या पोरापोरींना त्यांची खबर वेळेवर लागली पाहिजे. औंढा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. दरवर्षी किती उमेदवार घेणार, कोणत्या शिक्षणाचे आणि अर्ज कधीपर्यंत, एवढी माहिती प्रकल्पाने प्रत्येक तहसील आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, असा हा ठराव असावा. तो डिसेंबरच्या आत गेला तर जानेवारीला उपयोगी पडेल.