पदक सगळ्यांना, खदानीतला माणूस सोडून

आपल्याकडं खदानीत सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोकळीत कधी कधी पांढरे, हिरवट स्फटिक चमकतात. आपण त्याला गारगोटी म्हणतो अन् खडीसोबत क्रशरमध्ये ढकलतो. त्यातले बरेच असतात झिओलाइट गटातले किंवा त्यांच्यासोबत सापडणारे अपोफिलाइट. दख्खनच्या दगडातले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत काचेमागं ठेवलेत. शिर्डीहून नाशिकला जाताना सिन्नरला गारगोटी संग्रहालय लागतं, एकदा पोरांना घेऊन जाच.

हे आज आठवलं ते पुरस्कारांवर वाचताना. अमेरिकेच्या मिनरॉलॉजिकल सोसायटीचं सर्वोच्च पदक म्हणजे रोबलिंग पदक, १९३७ पासून दिलं जातं. ज्याच्या नावानं देतात तो वॉशिंग्टन रोबलिंग प्राध्यापक नव्हता. ब्रुकलिनचा पूल बांधणारा इंजिनिअर, खनिजं जमवायचा नाद असलेला. कॅनडाच्या संस्थेचं पिंच पदक तर खास संग्राहक आणि व्यापाऱ्यांसाठी आहे. आपल्या खाण मंत्रालयाचे पुरस्कार १९६६ पासूनचे, ते भूवैज्ञानिकांना.

म्हणजे अभ्यास करणाऱ्याला मान आहे, जमवणाऱ्याला आहे, विकणाऱ्यालाही आहे. पहिल्यांदा ज्याच्या डोळ्याला तो स्फटिक दिसला अन् ज्यानं छन्नीनं जपून काढला, त्याचं काय?

पुण्याजवळचं वाघोली घ्या. कॅव्हॅन्साइट हे निळंशार खनिज आधी अमेरिकेत ओरेगॉनला सापडलं, पण जगातले सगळ्यात देखणे नमुने वाघोलीच्या दगडखाणींतले. संग्राहकांना वाघोली पाठ आहे. तिथं घण मारणाऱ्या एकाचं तरी नाव कुणाला माहीत आहे का?

मला वाटतं यात नुकसान विज्ञानाचंच आहे. मजुराला काही मिळणारच नसेल तर तो हातातलं काम थांबवून स्फटिक कशाला वाचवेल? जो वाचतो तो हातोहात विकला जातो, अन् लेबलवर नुसतं ‘महाराष्ट्र’ किंवा जवळच्या मोठ्या शहराचं नाव. कोणती खदान, कोणतं गाव, किती खोलीवर, सगळं पुसलं. अभ्यासकाला तर तेच हवं असतं.

तहसील आपल्याकडं ब्रास मोजून दगडाचं स्वामित्वधन घेते. त्यातून अंबड तालुक्यात वर्षाला एक बक्षीस द्यायला काय हरकत आहे? चांगला नमुना जपून काढून जागेच्या नोंदीसह जमा करणाऱ्या मजुराला, रोख. नमुना ठेवा जवळच्या कॉलेजच्या भूगोल विभागात अन् लेबलवर गावासोबत त्याचंही नाव लिहा.

तुमच्यापैकी कुणी खदानीवर असेल किंवा घरात असे दगड पडून असतील, तर फोटो टाका. कुठल्या खदानीतला तेही लिहा.