माऊसची निगा

संगणकाचा माऊस अडू लागला की तो टाकून नवा आणावयाचा, अशी आता रीतच पडली आहे. परंतु टाकलेले पुष्कळसे माऊस बिघडलेले नसतात, केवळ मळलेले असतात.

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. माग चालतात त्या मोहल्ल्यांतून सुताची बारीक लव हवेत तरंगत असते. त्यात उन्हाळ्यात तळहाताला घाम. लव, घाम आणि धूळ यांचे जे कीटण बनते, ते माऊसच्या फटींतून आत शिरते.

१९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस घडविला. तो लाकडी होता व त्याच्या पोटाखाली दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. गोळीबरोबर फिरणाऱ्या रुळांवर कीटणाचे कडे चढे व ते नखाने खरवडावे लागे, हे अनेकांना आठवत असेल. आजच्या माऊसमध्ये गोळी नाही. प्रकाशाच्या साहाय्याने तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो-हजारो चित्रे टिपतो आणि त्यांतील फरकावरून आपण कोठे सरकलो हे ओळखतो. म्हणूनच भिंगाच्या छिद्रात एक तंतू अडकला तरी पडद्यावरचा बाण थरथरू लागतो. नितळ काचेच्या टेबलावर तर बहुतेक माऊस आंधळेच होतात. खाली साधा जाड कागद ठेवला तरी पुरे.

महिन्यातून एकदा वायर काढून, अथवा बिनतारी असल्यास सेल काढून, माऊस उलटा करावा. कापूस गुंडाळलेल्या काडीला औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून भिंगाची कड, तळाचे सरकपाय आणि मधल्या चाकाच्या बाजू पुसाव्यात. काडी निथळती नसावी. पाणी वापरू नये. येथील कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांत चुन्याचे थर साचतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तसल्या जड पाण्याचा पांढुरका डाग भिंगालाही सोडत नाही. शिवणयंत्राचे तेल हाताशी असले तरी तो मोह आवरावा. तेलावर लव अधिकच चिकटते.

बिनतारी माऊस बरेच दिवस वापरावयाचा नसेल तर सेल काढूनच ठेवावा. सेल पाझरला की स्प्रिंगांवर पांढरा खार धरतो. तो व्हिनेगर लावलेल्या काडीने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी.

पुसण्याने न जाणारा एक दोष मात्र आहे. कळ एकदा दाबावी आणि दोनदा दाबल्याची नोंद व्हावी. बिलांची फाईल ओढून नेताना हातातून सुटावी आणि भलत्याच कप्प्यात पडावी. हिशेब ठेवणाऱ्याला याचा उपद्रव फार. कळेखाली धातूच्या पातळ पट्टीचा एक खटका असतो, त्याची ही झीज होय. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जाणकार कारागीर डाग देऊन नवा खटका बसवू शकतो. टाकण्यापूर्वी त्याला एकवार दाखवावा.