तारीख आधी, चाचणी नंतर

संगणक आल्याने श्रम हलके होतात, हा समज २०१७ साली मुंबई विद्यापीठात खोटा ठरला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत पुरेशा चाचणीविना अमलात आली. अध्यापन थांबवून प्राध्यापकांना तपासणीस जुंपण्यात आले; तरीही ३१ जुलैची मुदत हुकली, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. मात्र एक पदाधिकारी बदलल्याने कार्यपद्धती बदलत नाही. न पारखलेल्या प्रणालीच्या उणिवा अखेर माणसांच्या जादा तासांनीच भरून काढाव्या लागतात. सोलापुरी चादरही पारखल्याविना गठ्ठ्यात बांधली जात नाही. येथील विद्यापीठानेही नवी प्रणाली प्रथम एकाच विषयावर चालवून पाहावी; चाचणी घेणाऱ्याने ‘अजून नाही’ म्हटल्यास तारीख पुढे ढकलावी.