फ्रिज बंद पडला, चूक कोणाची?



गेल्या जूनमध्ये मुलाकडे अमेरिकेत होते. गाडीमागे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून आम्ही ग्रँड कॅनियनला गेलो. तिथल्या मेदर कॅम्पग्राउंडवर वीजजोडणी नसते, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर. आदल्या रात्रीच्या मुक्कामात केबल जोडली होती, पण बॅटरी भरणारा कन्व्हर्टर बिघडलेला. जमा शून्य, खर्च चालू!

संध्याकाळी दिवे मंदावले, पाण्याचा पंप थांबला, फ्रिजही बंद. फ्रिज गॅसवर चालत असला तरी त्याच्या कंट्रोल बोर्डाला बॅटरी लागतेच, हे तेव्हा कळलं. सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास. सून घाबरून म्हणाली, "आई, आज एक दिवस रात्री जेवलं तर चालेल ना?"

मी काडी ओढून गॅस पेटवला. पंपावाचून अडलं नाही, गाळलेल्या पाण्याचा कॅन होताच. मूगडाळीची खिचडी उजेडातच जेवून झाली.

"परदेशात नियम जमत नाहीत," असं आपल्यातल्या अनेकजणी म्हणतात. मला पटत नाही. काडेपेटी, पाणी, डाळ-तांदूळ आणि खाखरे एवढी तयारी पुरते.

पण त्या रात्री झोप लागली नाही. आठ दिवसांचं दूध, दही, पनीर मीच हौसेनं भरलं होतं. सकाळी ते टाकावं लागलं. कन्व्हर्टर बिघडला हा यंत्राचा दोष. गरजेपेक्षा जास्त साठवलं, हा माझा. रात्रिभोजनाचा नियम मी सांभाळला, अपरिग्रह मात्र घरीच विसरले होते.